युजीनच्या वाट्याचं वचन

वटार गावात रिटा टीचरचं अक्षर दाखवून आयांनी पोरांना चापट्या मारल्या आहेत. बत्तीस वर्षं प्राथमिक शाळेच्या फळ्यावर लिहून तिचा हात असा बसला होता, की चर्चच्या नोटीस बोर्डापासून आहेराच्या पाकिटावरच्या नावापर्यंत सगळं तिच्याकडेच यायचं. लग्न केलेलं नव्हतं. धाकटा भाऊ युजीन शेजारच्याच घरात, मध्ये एक समाईक ओटा. निवृत्त झाल्यावर वेळच वेळ. त्यामुळे नव्या वर्षाच्या वचनांच्या चिठ्ठ्या लिहायचं काम तिच्या गळ्यात पडलं ते कायमचंच.

पद्धत अशी, की एक जानेवारीला मिस्सेची उपासना संपली की प्रार्थना गटातली माणसं चर्चच्या आवारात जमतात. परडीत घड्या घातलेल्या दीडशे चिठ्ठ्या असतात आणि प्रत्येकीवर देवाचं एक वचन. डोळे मिटून एक उचलायची. जे निघेल ते देवाने या वर्षासाठी आपल्याला दिलेलं, अशी श्रद्धा. कुणी ते पाकिटात ठेवतं, कुणी फ्रिजवर चिकटवतं, आणि मनासारखं निघालं नाही तर एखादी बाई गुपचूप दुसरीही उचलते. रिटा तिकडे काणाडोळा करायची. देव काही इतका कोता नाही, असं तिचं मत.

गेल्या वर्षीच्या नाताळात युजीनची बायको एलिसा अंथरुणाला खिळली होती. पोटाचा कॅन्सर. मुंबईच्या डॉक्टरांनी आता घरी न्या म्हणून सांगितलेलं. युजीन हा वाडीत केळींना पाणी सोडतानाही मोठ्याने गाणी म्हणणारा माणूस. त्या महिन्यात तो जेवायला बसला की नुसता ताटाकडे बघत राहायचा. रिटाला ते बघवेना. आई गेली तेव्हा याच पोराला तिने मांडीवर घेऊन भात भरवला होता.

एकतीस तारखेच्या दुपारी चिठ्ठ्या लिहिता लिहिता तिने एक बाजूला काढली. मी तुमची व्याधी दूर करीन, दीर्घायुष्य देईन, अशा अर्थाची. दुसऱ्या दिवशी परडी घेऊन ती फिरली तेव्हा ही चिठ्ठी तिच्या अंगठ्याखाली होती. एलिसाला कशीबशी व्हीलचेअरवर बसवून आणलेलं, आणि युजीनचे दोन्ही हात त्या खुर्चीवर.

"राहू दे, मीच देते," म्हणत तिने अंगठा उचलला.

युजीनने चिठ्ठी उघडली आणि सगळ्यांच्या देखत तो हमसून हमसून रडला. रिटाला वाटलं, चला, पोराला धीर आला. देवाचं काम आपण जरासं सोपं केलं, त्यात बिघडलं कुठे? देवाच्या वचनावर भरवसा ठेवा म्हणून गावाला सांगत फिरणारी ही बाई. पण देव भावाला नेमकं हवं ते वचन आपणहून देईल, एवढा भरवसा तिचा स्वतःचा नव्हता. हे तिला तेव्हा कळलं नाही. अशा गोष्टी वेळेवर कळतात तरी कुणाला?

युजीनला धीर आला तो मात्र भलताच. त्याची एकुलती मुलगी जोआना कॅनडात नर्स आहे. जानेवारीत तिने विचारलं, "पप्पा, मी येऊ का?" फेब्रुवारीत पुन्हा विचारलं, रिपोर्ट पाठवा म्हणाली. युजीनने रिपोर्टऐवजी त्या चिठ्ठीचा फोटो पाठवला. "आता कशाला रजा फुकट घालवतेस? नाताळला ये. मम्मी स्वतःच्या हाताने तुला मैद्याचे फुगे तळून घालेल."

मार्चमध्ये एलिसाच्या पायांवर सूज चढली. बोलणं कमी झालं. रिटा रोज संध्याकाळी तिचं अंग पुसून द्यायला जायची, तेव्हा ती एवढंच विचारायची, "बाय, जोआना कधी येणार?"

मीच करते तिला फोन, असं रिटाच्या अगदी ओठांवर यायचं. पण लगेच ये म्हणायचं, तर ती चिठ्ठी देवाने दिलेली नव्हती हेही सांगावं लागणार. "येईल हां," असं म्हणून ती फडकं पिळत राहायची. तेरा दिवस हेच चाललं. चौदाव्या दिवशी विचारायला एलिसा राहिली नाही. जोआना आली ती शवपेटीला हात लावायला.

त्यानंतर युजीनने चर्चची पायरी चढणं सोडलं. फादर येऊन गेले, शेजारपाजारचे समजावून थकले. "माझं देवाशी भांडण आहे, तुम्ही मध्ये पडू नका," एवढंच तो म्हणायचा. जोआना महिन्यातून एकदा फोन करायची, जेवलात का विचारायची आणि ठेवून द्यायची. नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी युजीन दफनभूमीत आला, एलिसाच्या कबरीवर चाफ्याची फुलं ठेवली आणि प्रार्थना सुरू होताच पाठ फिरवून निघाला. जाता जाता रिटाला म्हणाला, "खोटारड्याला मी आमेन म्हणत नाही." चोराच्या मनात चांदणं म्हणतात. रिटाच्या मनात तर भर दुपारचं ऊन तापत होतं.

डिसेंबर लागला आणि चर्चमधून कोऱ्या कागदांचा गठ्ठा आला. तीन दिवस तो टेबलावर तसाच पडून होता. चौथ्या दिवशी ती कुमसाराला गेली आणि जाळीपलीकडच्या फादरांना तिने सगळं पाप सांगून टाकलं. फादर तरुण, तिच्या विद्यार्थ्यांच्या वयाचे.

"टीचर, देव तुम्हाला क्षमा करतो. हातचं राखून करत नाही. पण युजीनच्या लेखी खोटं कोण बोललं?"

"देव."

"बरं करीन, असं त्याने प्रत्येकाला सांगितलेलं नाही. सोडणार नाही, हे मात्र प्रत्येकाला सांगितलंय. युजीनला आता तेही खरं वाटत नाही."

"तो मला दारात उभं करणार नाही, फादर. मला दुसरं आहे कोण?"

"तसं होईलही," फादर म्हणाले. त्यांनी खोटा दिलासा दिला नाही याचा तिला रागच आला.

घरी आली तेव्हा सूर्य कलला होता. युजीन ओट्यावर केळीच्या पानांच्या गुंडाळ्या बांधत बसलेला. देवा, माझ्याच्याने हे होत नाही, ती मनात म्हणाली. तू सोडणार नाहीस म्हणतोस, तर आता सोडू नको. मग उभ्या उभ्याच, गृहपाठ न केलेल्या मुलीसारखं, तिने सांगितलं. परडी, अंगठा, सगळं.

युजीनच्या हातातला सुतळीचा तुकडा तसाच राहिला.

"म्हणजे तो खोटं बोलला नव्हता."

"नाही."

"तू बोललीस."

"मी."

"नऊ महिने मी त्याला शिव्या घालतोय, बाय."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने फक्त तोंडावरून हात फिरवला आणि खालच्या आवाजात विचारलं, "एलिसा जोआनाची आठवण काढायची? माझ्यापाशी कधी बोलली नाही."

इथे नाही म्हणता आलं असतं. त्याचं अर्धं दुःख तिथल्या तिथे वाचलं असतं, आणि एलिसा काही साक्ष द्यायला येणार नव्हती. रिटाने डोळे मिटले.

"रोज विचारायची. कधी येणार म्हणून. मी येईल म्हणायचे."

युजीन उठून आत गेला. आता दार लागणार, असं तिला वाटलं. पण तो फोन घेऊन बाहेर आला.

"तिकडे सकाळ झाली असेल. मी तिला अडवलं म्हणून माझी पोर माझ्याशी धड बोलत नाही. हे मी सांगणार नाही. तू सांग."

त्याने नंबर लावला, फोन तिच्या हातात दिला आणि तिच्याकडे पाठ करून बसला. पण बसला तिथेच, ओट्यावर. रिंग वाजत राहिली. एकदा वाटलं, उचलणार नाही.

"हां, पप्पा? जेवलात का?"

"जोआना, आत्या बोलते गं," रिटा म्हणाली. "मम्मी तुझी वाट बघत होती. तुला ते कुणी सांगितलं नाही, ते माझ्यामुळे."