रखवालदार मेलाच पाहिजे

आमच्या गावच्या मुंबईकर मंडळाचं वर्षातून एकदा दशावतारी नाटक असतं. गावाला ते रात्रभर चालतं. इथे मुलुंडच्या हॉलमध्ये रविवारी जेवणं झाली की सुरू करून दिवेलागणीच्या आत आटपावं लागतं, कारण नंतर तिथे कुणाचा तरी साखरपुडा असतो. दशावतारात संवाद लिहून काढलेले नसतात. आधीच्या बैठकीत कथानक सांगायचं, कोण कुठून येणार आणि कोण कुणाला मारणार एवढं ठरवायचं, बाकी ज्याने त्याने रंगमंचावर उभं राहून आपल्या तोंडाने बोलायचं. गेली काही वर्षं कथानक सांगायचं काम माझ्याकडे आहे. विष्णूही मीच करायचो. विष्णूला फार बोलावं लागत नाही. शेवटी यायचं, मारायचं त्याला मारायचं आणि हात वर करायचा. बायको म्हणते, घरात जे बोलत नाहीत ते देव म्हणूनच शोभतात.

यंदा मी पुराणातली गोष्ट न घेता मनाने रचली. राजाच्या दरबारी न्याय मिळत नाही म्हणून नगराचा रखवालदार स्वतःच तलवार उचलतो. सुनेला जाळणाऱ्या सासूला मारतो, विहिरीत विष कालवणाऱ्याला मारतो, लोक त्याला डोक्यावर घेतात. मग एका संध्याकाळी देवळाच्या पायरीवर टेकलेल्या एका वाटसरूला तो मारतो, आणि वाटसरूने काहीच केलेलं नसतं. शेवटी विष्णू येऊन रखवालदाराचा वध करतो.

रखवालदार करणार होता माझा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ. पवईला ऑफिसांच्या इमारतींतल्या लिफ्ट दुरुस्त करतो. आडवा देह, मोठा आवाज, मनात काही ठेवणार नाही. बैठक घाटकोपरला आमच्याच घरी होती. माझं सांगून झाल्यावर तो म्हणाला, "भावजी, हा मरतो कशाला?"

"निरपराध माणूस मारतो म्हणून."

"मग तो वाटसरू काढा ना मधून. भानगडच मिटली."

"तो काढला तर नाटकच उरत नाही."

"झकास उरतं. चार नालायक मारले, पब्लिकने टाळ्या वाजवल्या, विष्णूने आशीर्वाद दिला, चला घरी."

मंडळाचे अध्यक्ष म्हातारे आहेत, सगळं आयुष्य इथे काढून अजून मालवणीच बोलतात. ते म्हणाले, "मेलो तर मेलो, पण बेगीन मरांदे. हॉल खाली करूचो आसा."

"मारणारा मेलाच पाहिजे," मी म्हणालो. माझा आवाज चढला. चहाचे कप उचलत असलेली बायको थांबली, कारण माझा आवाज कधी चढत नाही.

मेव्हणा हसला. "त्या रखवालदाराने तुमचं काय घोडं मारलंय? मीपण तर त्या इस्त्रीवाल्याला धुतला होता. मग मलाही घाला ते चक्र."

सगळे हसले. मीही हसलो. आता त्या हसण्यामागचं सांगून टाकतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या जिन्यात कुणीतरी अंधारात उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांच्या अंगाला हात लावत होतं. पहिल्या मजल्यावरचा दिवा कधी असायचा, कधी नसायचा, आणि नसला की हे घडायचं. एका संध्याकाळी माझी बायको तशीच रडत वर आली. चेहरा तिने पाहिलेला नव्हता. मेव्हणा घरात होता. त्याने एवढंच विचारलं, "कोण?"

मी गॅलरीतून खाली वाकून पाहिलं. खाली जिन्याच्या तोंडाशी इस्त्रीवाल्याचं टेबल होतं. तो टेबलाजवळ उभा राहून वर बघत होता. बहुतेक बायकोचं रडणं ऐकून बघत असेल. मी बोट दाखवलं आणि म्हणालो, "तो."

पुढचं खाली झालं. मी वरच होतो. इस्त्रीवाल्याच्या कानातून रक्त आलं, आणि दोन-चार दिवसांत त्याने टेबल उचललं. कुठे गेला कुणी विचारलं नाही.

त्याच आठवड्यात मी कामावरून लवकर आलो. तिसऱ्या मजल्यावर राहणारे आमच्या सोसायटीच्या कमिटीतले एक गृहस्थ चवड्यांवर उभे राहून पहिल्या मजल्याचा बल्ब फिरवून काढत होते. काढला, खिशात टाकला, आणि मला बघून म्हणाले, "गेलेला दिसतोय, बदलायला हवा." मी म्हणालो, "हो, बदलायला हवा." एवढंच बोलणं झालं. मग मी स्वतः नवा बल्ब आणला, त्यावर लोखंडी जाळी ठोकून घेतली, आणि त्या गृहस्थांच्या समोर जाळीला कुलूप लावलं. त्यानंतर जिन्यात तसं पुन्हा घडलं नाही. पुढे ते घर विकून गेले.

सगळे म्हणाले, बघा, इस्त्रीवाला गेल्यापासून बंद झालं. मेव्हणा ही गोष्ट लग्नाबारशात सांगायचा, अंगविक्षेपांसकट. मी शेजारी बसून ऐकायचो. त्याला खरं सांगायचं तर बोट कुणाचं होतं हेही सांगावं लागलं असतं. शिवाय तो खूश होता. बहिणीसाठी काहीतरी केलं असं त्याला वाटत होतं. मी असल्या सबबी जमवत राहिलो. दर वेळी त्याचा राग यायचा, आणि तो माझा स्वतःचा न येता त्याचाच यायचा, हे मला फार उशिरा कळलं.

नाटकाच्या दिवशी हॉल भरलेला होता. पखवाज चांगला वाजत होता. मेव्हणा आला तो टाळ्या घेतच. सासूला मारलं, विष कालवणाऱ्याला मारलं. मी विंगेत मुकुट सांभाळत वाटसरूची वाट बघत उभा होतो. वाटसरू करणारा गडी कपडे करून माझ्या शेजारीच होता. त्याला बोलावणं आलंच नाही. मेव्हण्याने तो प्रसंग सरळ गाळला. पायरीकडे बघून म्हणाला, "इथे एक वाटसरू बसायचा, मी त्याला पाणी पाजलं, तो पुढच्या गावाला गेला." आणि तलवार टेकून प्रेक्षकांकडे वळला. "आता देव येऊदे. माझा गुन्हा सांगूदे."

पेटी वाजली. मला जावंच लागलं.

पुठ्ठ्याचं सोनेरी चक्र बोटावर घेऊन मी उभा. तो गुडघ्यांवर बसला, नाटकी, पण डोळ्यांत मिस्कीलपणा होता. "देवा, मी मारले त्यांत एक तरी निर्दोष दाखव. दाखवलास तर मान पुढे करतो."

मागून कुणीतरी ओरडलं, "दाखव रे देवा."

दुसऱ्या बाजूने बाई म्हणाली, "सोड त्याला. चांगला माणूस आहे."

दशावतारात हीच पंचाईत असते. पुस्तक नसतं. वाटसरूचा खून त्याने केलाच नव्हता, तर माझ्याकडे आरोप कुठला? मला बोलता आलं असतं. दशावतारात देव काहीही बोलू शकतो. पेटीवाल्याने पुन्हा पुन्हा सूर दिला. मी तोंड उघडलं आणि मग मिटलं. ज्या हाताने गॅलरीतून बोट दाखवलं होतं तो हात वर केला आणि रखवालदाराला आशीर्वाद दिला. हॉलमध्ये केवढ्या टाळ्या झाल्या. अध्यक्ष विंगेतून म्हणाले, "बरा झाला, वेळेत आटापला."

रंगपटात मेव्हणा खोबरेल तेलाने तोंड पुसत बसला होता. "बघितलंत भावजी? पब्लिकला हा माणूस जिवंतच पाहिजे."

टाळ्या अजून कानात होत्या. मला त्या सहन झाल्या नाहीत. मी म्हणालो, "इस्त्रीवाला नव्हता तो."

"कोण?"

"जिन्यातला. तिसऱ्या मजल्यावरचा होता. मी त्याला बल्ब काढताना पाहिलं."

त्याचा हात थांबला. अर्धी मिशी पुसलेली, अर्धी तशीच. "कधी पाहिलंत?"

"तू मारलंस त्याच आठवड्यात."

त्याने तेलाची वाटी बाजूला सारली. मग म्हणाला, "मी ही गोष्ट तुमच्या मुलीच्या बारशात सांगितली."

"हो."

"तुम्ही बाजूला बसला होतात."

"हो."

"श्रीखंड खात होतात."

"हो."

"आणि आज मला मारायला निघाला होतात. चक्र घेऊन."

तो म्हणत होता ते खरंच होतं. कथानक रचताना मला न्याय वगैरे काही नको होता. रखवालदार मेला असता तर हिशेब मिटल्यासारखा वाटला असता, आणि चक्र माझ्याच बोटावर असल्यामुळे मी देवाच्या बाजूला उभा राहिलो असतो. रखवालदाराला कुणीतरी "तो" म्हणून सांगितलं होतं, आणि ते सांगणारं पात्र मी कथानकात ठेवलंच नव्हतं.

"ताईला माहीत आहे?"

"नाही."

"मी बोलावतो तिला. तुम्ही सांगायचं. मी मध्ये एक शब्द बोलणार नाही."

बाहेर साखरपुड्याच्या खुर्च्या लागत होत्या. बायको आली, भावाचं अर्धं रंगवलेलं तोंड बघून हसली, मग माझ्याकडे बघून हसायची थांबली. मी सांगितलं. ती ओरडली नाही. एवढंच विचारलं, "म्हणजे जाळी त्याच्यासाठी बसवलीत?" मी मान हलवली. ती म्हणाली, "मला वाटायचं, माझ्यासाठी बसवलीत." आणि पर्स उचलून एकटी रिक्षाने घरी गेली.

मेव्हण्याने इस्त्रीवाल्याला शोधून काढलं. जुन्या गिऱ्हाइकांकडे विचारत विचारत चेंबूरपर्यंत पोचला. मी बरोबर येतो म्हणालो. "तुम्ही नको," तो म्हणाला. "तुम्ही तिथेही गप्प उभे राहाल आणि मला परत बोलायला लागेल." एकटाच गेला. परत आल्यावर काय झालं, शिव्या खाल्ल्या की चहा प्यायला, काही सांगितलं नाही. माफी मिळाली का, हे विचारायचा मला अधिकार नाही, तरी मी विचारलं. तो वैतागला. "तुमची तुम्ही मागा."

अध्यक्षांचा फोन येतो. लोकांना रखवालदार आवडलाय, पुढल्या वर्षी त्यालाच परत आणूया म्हणतात. मेव्हण्याने कळवलंय की वाटसरू असेल आणि रखवालदार मरणार असेल, तरच तो करेल. मी विष्णू करणार नाही एवढं सांगितलंय. कारण सांगितलेलं नाही, आणि अध्यक्ष म्हणतात, "ह्येंचा सगळा असाच."

चेंबूरला मी अजून गेलेलो नाही. बायको रोज संध्याकाळी मी दारात आलो की माझ्याकडे बघते. जिन्यातल्या जाळीला आता गंज चढलाय. मेव्हण्याने मला एकच गोष्ट सांगितली, तीही जाता जाता, चपला घालताना. त्या माणसाला डाव्या कानाने ऐकू येत नाही. बोलायचं असेल तर उजवीकडे बसायचं.