तात्यांचा ट्रक आणि पोळपाट

ट्रकचं इंजिन पोळपाटाने बंद करता येतं, हे मला लग्नानंतर कळलं.

माझे सासरे, तात्या, शिवडीला गोदीच्या कामावर ट्रक चालवायचे. ते निवृत्त झाले, पण त्यांचा जुनापुराणा ट्रक काही झाला नाही. परळच्या त्यांच्या चाळीतली जयंतीची मिरवणूक दरवर्षी त्याच ट्रकवरून निघते. भाड्याची गाडी आणायची गोष्ट कोणी काढली, तर तात्या त्या माणसाशी महिनाभर बोलत नाहीत. (मी काढली होती, म्हणून माहीत आहे.)

तो डाग पुसायचाच, म्हणून यंदा जयंतीच्या सकाळी मी स्वतःच ट्रकची सेवा करायचं ठरवलं. दादरच्या एका ऑफिसातले कॉम्प्युटर मी सांभाळतो. यंत्रं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ! तात्या पताका लावत होते तेवढ्यात मी बॉनेट उघडलं. मूळचा एअर फिल्टर म्हणजे एक काळाकुट्ट डबा, तळाशी तेल. तो काढून भंगाराच्या पोत्यात टाकला आणि मोबाइलवरून मागवलेला कोराकरकरीत कागदी फिल्टर बसवला. आता जुन्याला तेल लागत होतं, म्हणजे नव्याला लागणारच! मी अख्खा कॅन ओतला.

चावी फिरवली. ट्रक सुरू झाला, खाकरला आणि मग जो बोंबलत सुटला! मी चावी काढली. तो चालूच! इंजिन बंद करायची दांडी ओढली. तो आणखी चेकाळला! पांढऱ्या धुरात चाळीचे तिन्ही मजले दिसेनासे झाले. मी घाबरलो होतो, पण त्या म्हाताऱ्या इंजिनाची रग बघून नकळत माझे हात जोडले गेले.

"जावईबापू, काय घातलंत त्याला?" धुरातून तात्यांचा आवाज आला.

"तेल!"

"किती?"

"सगळं!"

"मग चावी कशाला काढताय? तो आता डिझेलवर नाय, तुमच्या तेलावर चाललाय! हवा तोडली नाय तर फुटेल."

तात्या शांतपणे तळमजल्यावरच्या घरात शिरले. आत सासूबाई पुरणपोळ्या लाटत होत्या.

"अहो, पोळी अर्धीच लाटलीय!"

"अर्धीच पुरे!"

पोळीसकट पोळपाट घेऊन तात्या बाहेर आले, माझा फिल्टर त्यांनी उपटून फेकला आणि हवेच्या पाइपाच्या तोंडावर पोळपाट दाबून धरला. पोळीने उरलीसुरली फटसुद्धा बुजवली. इंजिनाने तीन आचके दिले आणि ते गप्प झालं. असा माणूस मी आयुष्यात पाहिला नव्हता!

पण मिरवणुकीचं काय? आज ट्रक निघाला नाही, तर तात्यांना तोंड कसं दाखवायचं? दुपारभर मी पाइपातलं तेल आणि पुरण पुसत होतो. तात्यांनी जुना डबा पोत्यातून काढला, धुतला, आतल्या रेघेपर्यंतच तेल घातलं आणि जागेवर बसवला.

संध्याकाळी तात्यांनी चावी फिरवली. अख्खी चाळ श्वास रोखून उभी. आणि ट्रक पहिल्या झटक्यात सुरू झाला! निळे झेंडे हलले, तात्यांचे डोळे भरून आले. माझेही आले.

तात्यांनी मला शेजारी बसवलं. रस्त्यावरचे लोक कौतुकाने म्हणत होते, "बघा, जावयाचा काय मान आहे!" मीही ऐटीत हात हलवत होतो.

एकच हात. दुसऱ्या हातात सासूबाईंनी पोळपाट दिला होता.