सहीच्या वरची मोकळी जागा

सरकारी शाळेत चांगलं अक्षर असणं हा गुन्हा आहे. एकदा कळलं की मेलात. फळ्यावरचा सुविचार तुम्ही लिहायचा, गॅदरिंगची प्रमाणपत्रं तुम्ही, साहेब येणार असले की स्वागताचा फलकही तुम्हीच. मार्केट यार्डामागच्या आमच्या शाळेत मी पंधरा वर्षं मराठी शिकवते, म्हणजे शिकवण्याहून जास्त लिहितेच. त्या अक्षरानं मी इंदुबाईंचं काय केलं ते सांगायचंय. सांगताना अजून माझं डोकं फिरतं. फिरू दे.

इंदुबाई आमच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षा. कायद्यानं प्रत्येक शाळेत अशी समिती असते. तिच्यात पालक जास्त, अध्यक्षही पालकच. कागदावर शाळा पालकांची असते हो. या अध्यक्षबाई सकाळी सहाला एका अडत्याच्या गाळ्यावर कांद्याच्या ढिगापुढे बसतात आणि दुपारपर्यंत कांदा निवडतात. प्रत्येक कांदा देठाशी अंगठ्यानं दाबायचा, मऊ लागला की बाजूला. डोळ्यांनी बघतसुद्धा नाहीत. शिक्षण चौथी. सही मात्र अशी करतात की बघत राहावं. पूर्ण नाव, सावकाश, जीभ जरा बाहेर काढून, आणि शेवटी वर ओढलेलं एक लांबलचक शेपूट. मी एकदा विचारलं, हे शेपूट कशाला? तर म्हणाल्या, "दुसऱ्या कुणाला जमू नये म्हणून."

त्यांना अध्यक्ष कुणी उगाच केलं नव्हतं. आमची शाळा पूर्वी सातवीपर्यंतच होती. आठवीची शाळा मोठ्या रस्त्यापलीकडे, ट्रक आणि टेम्पोंच्या रांगांमधून पाऊण तास चालत. इंदुबाईंची थोरली, कल्याणी, माझ्याच वर्गात होती. वक्तृत्वात बक्षीस घेतलेली, बोलायला लागली की थांबायची नाही. सातवी झाली आणि वडील, सोनबा, म्हणाले, पोरगी एवढ्या लांब एकटी कशी जाणार, एक वर्ष घरी थांबू दे, मग बघू. बघू बघू म्हणता पाच वर्षं गेली आणि अठरा पूर्ण झाल्यावर दुसऱ्या महिन्यात लग्न. या "बघू" शब्दाचा मला जेवढा राग आहे तेवढा कुठल्या शिवीचाही नाही.

कल्याणी घरी बसली त्यानंतर तीन वर्षांनी इंदुबाईंनी चौदा आया गोळा केल्या, डबे बांधले आणि शिक्षण खात्याच्या ऑफिसबाहेर पायऱ्यांवर जाऊन बसल्या. आठवीचा वर्ग आमच्याच शाळेत द्या, दुसरं काही नको. आम्ही तीन शिक्षिकाही रजा टाकून त्यांच्याशेजारी बसलो. हो, मीसुद्धा. मागणीचा फलक मीच लिहिला होता. चौथ्या दिवशी वर्ग मिळाला. पायऱ्यांवरून उठताना इंदुबाई मला म्हणाल्या, "माझ्या वैष्णवीचं काम झालं बघा बाई." वैष्णवी, त्यांची धाकटी, तेव्हा दुसरीत होती.

वर्ग मिळाला. गणिताचा शिक्षक होता तो दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला, त्याच्या जागी कुणी आलंच नाही. अर्ज गेले, स्मरणपत्रं गेली. ज्या पालकांना परवडलं त्यांनी मुलं काढून नेली. कुणाला शोभेसाठी आठवी हवी असते? मग पट उतरला, सतरावर आला. आधी शिक्षक द्यायचा नाही, मग मुलं कमी झाली म्हणून बोंबलायचं. हे ज्याच्या डोक्यातून निघालं त्याला माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसवायला पाहिजे.

डिसेंबरात समितीची बैठक झाली. आमच्या बैठकीची एक रीत आहे, आधी सह्या, मग चर्चा. निम्म्या आया कामावरून अर्ध्या तासाची सुटका घेऊन आलेल्या असतात, त्यांना खोळंबून कसं ठेवणार? म्हणून आल्या आल्या इतिवृत्ताच्या वहीत कोऱ्या पानाच्या खालच्या बाजूला सह्या घ्यायच्या, चहा द्यायचा, आणि बोलणं झालं की वरच्या मोकळ्या जागेत मी नंतर ठराव लिहायचे. वर्षानुवर्षं असंच चाललेलं. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही, मला तर नाहीच नाही. त्या दिवशी इंदुबाईंनी शेपटासकट सही केली, चहा बशीत ओतून संपवला आणि उठता उठता म्हणाल्या, "एकच लिवा बाई. आठवीला गणिताचा मास्तर द्या. न्हाय दिला तर आम्ही परत पायऱ्यांवर येतोय." आणि कांद्याकडे गेल्या.

संध्याकाळी मुख्याध्यापक सर्जेराव सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेला माणूस. "वरून तोंडी आलंय," म्हणाले. "आठवी दुसऱ्या शाळेत हलवायची आहे, पण मागणी पालकांकडून आलेली पाहिजे. घ्या लिहून." आणि सांगायला लागले: पटसंख्या कमी असल्याने आठवीचा वर्ग नजीकच्या शाळेत समायोजित करण्याची पालकांची मागणी असून, समिती त्यास सर्वानुमते मान्यता देत आहे.

मला कळलं नाही असं मी म्हणणार नाही. शब्द न् शब्द कळला. "सर, बाईंनी शिक्षक मागितला होता," एवढं मी बोलले. सर म्हणाले, "बाई, तुम्हाला हडपसरहून रोज यायला त्रास होतो ना? बदलीचा अर्ज आहे ना तुमचा माझ्याकडे?" घड्याळात साडेपाच झाले होते, माझी बस जाणार होती. मी लिहिलं. सुवाच्य, समास सोडून. खाली जागा कमी पडायला लागली तेव्हा अक्षर बारीक केलं आणि इंदुबाईंच्या सहीचं शेपूट मध्ये आलं तेव्हा त्याला वळसा घातला. वहीवर कधी खाडाखोड होऊ द्यायची नाही अशी माझी शिस्त. शिस्त म्हणे!

मार्चमध्ये गेटवर नोटीस लागली. पालकांच्या मागणीनुसार जूनपासून आठवीचा वर्ग बंद. विद्यार्थ्यांनी अमुक शाळेत प्रवेश घ्यावा. अमुक शाळा म्हणजे तीच, मोठ्या रस्त्यापलीकडची. वैष्णवी सातवीत होती.

शाळा सुटायच्या वेळेला गेटवर हा गोंधळ. आया इंदुबाईंना घेरून उभ्या. मुक्ताई म्हणून एक आहे, वैष्णवीच्याच वर्गातल्या एका मुलीची आई, आवाज असा की रस्त्यापलीकडे ऐकू जावा. "पालकांची मागणी? कुठल्या पालकांची? अध्यक्षबाई, आमच्या पोरींचा वर्ग बुडवून तुमच्या पोरीचं कुठं जमवलं ते तरी सांगा!" इंदुबाईंनी वैष्णवीचा हात धरला आणि तडक केबिनमध्ये आल्या. मी तिथेच कोपऱ्यात माध्यान्ह भोजनाचा तक्ता भरत होते.

"वही दावा," त्या सरांना म्हणाल्या. सर म्हणाले, बसा, चहा घ्या. "चहा नको. वही."

वही उघडली. इंदुबाईंनी ठरावावर बोट ठेवून एकेक शब्द वाचला. वेळ लागला. "समायोजित" वर अडल्या, परत वाचला. शेवटाला आल्यावर बोट थांबलं, आणि त्यांनी अंगठ्यानं त्या ओळींवर दाबून पाहिलं, गाळ्यावर दाबतात तसं.

"वर अक्षर मोठं हाय," त्या म्हणाल्या, "अन् खाली बारीक बारीक व्हत गेलंय. आन् हे बघा, माझ्या सहीचं शेपूट आलं तिथं लिवणारा वळलाय. सही आधी हाय. लिवणं मागून हाय." मग लेकीकडे वळल्या. "कुणाचं गं हे अक्षर?"

वैष्णवी पोर. तिला काय माहीत. पाच वर्षं तिच्या वह्यांवर मी "छान" लिहीत आले होते. तिनं वहीत डोकावलं आणि अगदी खूश होऊन सांगितलं, "हे आपल्या नम्रता बाईंचं!"

इंदुबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला त्या क्षणी काय सुचावं? मी म्हणाले, "सरांनी सांगितलं म्हणून." पंधरा वर्षं दुसऱ्यांच्या मुलांना मी हेच कारण सांगितल्याबद्दल ओरडत आले.

"बाई, कल्याणीच्या टायमाला आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं," इंदुबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. "ह्या खेपेला विचारलं, आन् कागदावर मीच हो म्हनले. माझ्या हातानं. तुमच्या अक्षरात." आणि त्यांनी फोन काढून पानाचा फोटो घेतला.

बाहेर जाऊन त्यांनी काय करावं? गेटवर उभ्या राहून सगळ्यांना सांगितलं, "सही माझीच हाय. कोऱ्या पानावर केली, ही माझी चूक. शिव्या द्यायच्या त्या द्या, पण सोमवारी माझ्यासंगं ऑफिसला चला." मुक्ताईनं शिव्या दिल्याही. कसर ठेवली नाही. पण सोमवारी सगळ्यांच्या आधी तीच डबा घेऊन हजर होती.

मला कुणी चला म्हणालं नाही. कशाला म्हणतील? सर मात्र शुक्रवारी म्हणाले, "तुम्ही गप्प राहा. अक्षराचं काय, कुणाचंही असू शकतं. बदलीचं मी बघतो." पुन्हा तेच, बघतो. मला इतका संताप आला की हातातला खडू मोडला. सरांचा आला, त्या वरच्या तोंडी हुकूम देणाऱ्यांचा आला, ज्यांची एका ओळीवर स्वतःची सही नसते. आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा आला. सोमवारी मी रजा टाकली आणि त्याच पायऱ्या चढले.

साहेबांच्या खोलीत इंदुबाई टेबलापुढे उभ्या होत्या, मागे आया दाराबाहेरपर्यंत. सर्जेराव सर बाजूच्या खुर्चीत वही मांडीवर घेऊन. साहेब तरुण होते, चष्मा पुसत ऐकत होते. "मावशी," ते म्हणाले, "सही तुमची आहे, नाही म्हणताय का? नाही ना. मग वाचून करायची होती." बरोबरच बोलत होते, म्हणून तर अंगाची लाही झाली. इंदुबाईंनी ते शेपूट दाखवलं, बारीक झालेलं अक्षर दाखवलं. साहेबांनी वही डोळ्यांजवळ नेली, परत ठेवली. "हा अंदाज झाला. ज्यानं लिहिलं त्यानं सांगितलं तर गोष्ट वेगळी."

"मी लिहिलं," मी दारातून म्हणाले.

सगळ्या वळल्या. सरांनी मान खाली घातली. मला वाट करून द्यायला मुक्ताई सरकली नाही, मीच अंग चोरून पुढे गेले. "सह्या झाल्यावर लिहिलं. बाईंनी गणिताचा शिक्षक मागितला होता, मी वर्ग बंद करा असं लिहिलं. सरांनी सांगितलं, ते वरून आलंय म्हणाले. पण हात माझा."

"हे लेखी द्याल?" साहेबांनी विचारलं. "परिणाम माहीत आहेत ना तुम्हाला?"

"कागद द्या."

टेबलाच्या कोपऱ्यावर वाकून मी लिहिलं. अक्षर चांगलं आलं नाही. शेवटची ओळ संपली, मी सही करायला पेन खाली नेलं, सवयीनं बरीच जागा सोडून. तोच इंदुबाईंचा हात आला आणि त्यांनी कागदावर बोट ठेवलं, शेवटच्या ओळीला अगदी चिकटून.

"हितं करा," म्हणाल्या. "आन् आधी मोठ्यानं वाचा. सगळ्यांना ऐकू जाईल असं."

मी वाचलं. मी, नम्रता, सहशिक्षिका, खोटा ठराव लिहिला. वर्गात धडा वाचताना मी कधी अडखळले नव्हते, तिथे दोनदा अडखळले. कुणी पाणी दिलं नाही. मग बोट होतं तिथे मी सही केली.

माझी चौकशी चालू आहे, चालू दे. तो कागद साहेबांनी फाइलला लावला, नोटिशीच्या प्रतीवर दोन शब्द लिहिले आणि म्हणाले, "निर्णय स्थगित. जूनला आठवी तिथेच भरेल. झालं समाधान?"

"स्थगित म्हंजे?" इंदुबाईंनी मला विचारलं. केबिनमधल्या त्या दिवसानंतर त्यांनी मला पहिल्यांदाच काही विचारलं.

"म्हणजे थांबवला," मी सांगितलं.

"थांबवला व्हय." त्यांनी खुर्ची ओढली आणि साहेबांच्या समोर बसल्या. मागे आयांनी जमिनीवर बसून डबे सोडायला सुरुवात केली. "मग आता आमचं मूळचं काम. गणिताचा मास्तर द्या."