वारा थांबल्याचा निरोप

सौदीतल्या दम्मामच्या वरच्या अंगाला मासेमारीचा एक लहानसा धक्का आहे. तिथल्या बर्फाच्या कारखान्यात मी सोळा वर्षं कारकुनी केली. खिडकीतून चिठ्ठी द्यायची, बर्फाच्या लाद्या सोडायच्या, संपलं. हिवाळ्यात मात्र आणखी एक काम असे. उत्तरेचा वारा, ज्याला तिथे शमाल म्हणतात, सुटणार असला की अरबीतून इशारा यायचा: वारा इतका, लाटा इतक्या, किनाऱ्यावर पाणी चढेल, बोटी काढायला बंदी. तो वाचून मी धक्क्यावर एकेका बोटीपुढे जाऊन हिंदीत ओरडायचो. बोटींवर गुजरातचे, तमिळनाडूचे, बंगालचे लोक. मला येताना पाहिलं की त्यांची तोंडं कडू व्हायची. भरलेला बर्फ वितळणार, दिवस फुकट जाणार. एक स्वयंपाकी तर मला मुद्दाम बिनसाखरेचा चहा द्यायचा. मी तोही पिऊन टाकायचो.

मी रत्नागिरीकडचा, खाडीकाठचा. स्वभाव तुसडा, असं माझी बायको म्हणते आणि ते खरं आहे. ती गावी, मुलं गावी. तिकडे मी एकटा राहायचो, एकटा जेवायचो, आणि आता सवय झाली म्हणून सगळ्यांना सांगायचो. साफ खोटं होतं ते.

खरं म्हणजे मी इशाऱ्याच्या दिवसांची वाट बघायचो. धक्क्यालगतच्या पत्र्याच्या खोल्यांत समुद्राचं पाणी शिरायचं, म्हणून सगळे आपापली अंथरुणं, तांदळाच्या गोण्या आणि स्टोव्ह घेऊन आमच्या कारखान्याच्या उंच फलाटावर यायचे. मोठ्या पातेल्यात भात शिजायचा. माझ्यावर चिडलेलेच असायचे, तरी जागा माझी म्हटल्यावर माझ्यापुढेही ताटली यायची. वर्षातून चार-पाच वेळा मी माणसांत जेवायचो, ते असं.

शेवटच्या हिवाळ्यात माझी खुर्ची गेली. कारकुनाची जागा सौदी माणसालाच द्यायची, असा नियम आला. नवा कारकून तिशीचा, दोन मुलांचा बाप, वागायला सभ्य. रागावावं असं त्याने काही केलं नाही, याचाच मला राग यायचा. त्याला हिंदी येत नव्हती, म्हणून इशारे सांगायचं तेवढं काम माझ्याकडे उरलं, तेही माझ्या इकाम्याची, म्हणजे तिथे राहायच्या परवान्याची, मुदत संपेपर्यंत.

त्या हिवाळ्यातला पहिला शमाल दीड दिवस चालला. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास फलाटावर भात शिजत होता. पोरबंदरकडचा एक म्हातारा तांडेल, एका बोटीचा प्रमुख, मला त्याच्या नातीच्या ठरलेल्या लग्नाबद्दल सांगत होता. नवरा मुलगा काय करतो, हॉल किती मोठा, सगळं. सोळा वर्षांत तिथे कोणी मला घरचं काही सांगितलं नव्हतं. तेवढ्यात नव्या कारकुनाचा फोन आला. "खलास," तो म्हणाला, "वारा उतरतोय. बंदी उठली. सांगून टाक सगळ्यांना."

मी "हो" म्हटलं आणि फोन खिशात टाकला.

जेवण झालं की सांगतो, असं मनाशी म्हणत होतो. जेवण झालं. मग चहा आला, साखर घातलेला. वारा अजून थोडा फुरफुरत होता, म्हणून कोणाला शंका आली नाही. दुपार कलल्यावर मी उठून निरोप दिला. तेव्हा बोटी काढण्यात काही अर्थ उरला नव्हता.

दुसऱ्या सकाळी शेजारच्या बंदराची मासळी लिलावात आली. त्यांना आदल्या दिवशी दहालाच निरोप मिळाला होता. माझ्याशी कोणी भांडलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं.

पंधरा दिवसांनी पुन्हा इशारा आला. मी धक्क्यावर गेलो, तर कोणीतरी म्हणालं, "बाबूजी को आज क्या खाना है?" सगळे हसले. हसून झाल्यावर बाकीच्यांनी दोर आवळले. पण तांडेलाने बोटींना बाहेर सोडणारी किनाऱ्याची चौकी बंद व्हायच्या आत बोट काढली, तीन खलाशांसकट. मी काठावरून ओरडलो, "चाचा, इस बार सच है!" हे वाक्य तोंडातून गेलं आणि आपण काय करून बसलो ते मला कळलं.

संध्याकाळपर्यंत पाणी फलाटाच्या दुसऱ्या पायरीला लागलं. नव्या कारकुनाने किनाऱ्याच्या चौकीला बोटीचं कळवलं. वर भात शिजला. माझ्यापुढे ताटली आली नाही. चार माणसं, त्यांची घरं, ती लग्न ठरलेली नात. मी बर्फाच्या यंत्रामागे जाऊन रडलो. पोटभर भातासाठी नव्हे, नुसत्या सोबतीसाठी मी चार जीव समुद्रात घातले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी बोट आली. केबिनच्या काचा नव्हत्या, जाळी नव्हती. माणसं चारही होती. तांडेलाचा हात फडक्यात बांधलेला होता. तो सरळ माझ्याकडे आला. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण त्याने मला बोलूच दिलं नाही.

"भूख लगे तो ऐसे ही आ जाना, भाई," तो म्हणाला. "हवा का नाम लेकर मत आना."

माझ्या परतीला एकोणीस दिवस राहिले होते. बोट धक्क्याला असेल त्या प्रत्येक संध्याकाळी मी तांडेलाकडे जेवलो. पहिल्या संध्याकाळी जाताना मी पावलं मोजली. माझ्या जुन्या खिडकीपासून बोटीपर्यंत ती साठच भरली.