घट्ट पिळाची वात

“जळते वात, अन् नाव होते दिव्याचं.” हे गोपिकाबाईचं नेहमीचं बोलणं. बोलता बोलता ती मांडीवर कापूस ओढायची आणि बोटं चालू व्हायची. आमच्या आंजी गावातल्या देवीच्या देवळात नवरात्राची अखंड ज्योत तिच्याच हातच्या वातीवर तेवत आली. कापूस वेचण्याआधी शेतात दहीभात ठेवून पूजा करतात, तिला आम्ही सीतादही म्हणतो. त्या दिवशीचा पहिला कापूस ती गाडग्यात वर्षभर जपायची. सरकी काढायची तीही बोटांनी.

यंदा तिचे हात थरथरू लागले. वात सुनेनं, आचलनं वळली. पोर हिंगणघाटची, कापसाच्या गिरण्यांच्या गावची; लग्नाला वर्षही झालं नव्हतं.

दुसऱ्या माळेच्या सकाळी समई अंधारी दिसली. तेल काठोकाठ, वारा नाही, तरी ज्योत गेलेली. बाया जमल्या. आमच्याकडे ती ज्योत म्हणजे देवीचा उघडा डोळा. तिच्यासमोर कोणी खोटं बोलत नाही. भावाभावांच्या वाटण्याही तिथंच बसून होतात.

“हिंगणघाटच्या पोरीले मिल माहीत, वात काय माहीत!” शोभाबाई म्हणाली. “पायगुण, दुसरं काय?”

आचल खांबाआड उभी होती. हा शब्द एकदा चिकटला की जन्मभर सुटत नाही, हे तिला कळत होतं.

तेवढ्यात गोपिकाबाई आली. वात चिमटीत धरून तिनं उलगडली. आत कापूस कोरडाच.

“पीळ घट्ट झाला, तेल चढलंच नाई. सुटू नये म्हणून पोरीनं जीव लावून आवळली, शोभे. माह्या पहिल्या साली माह्या हातची बी अशीच गेलती.”

“तुह्या हातची? काहीही नको सांगू, मावशी!”

“सासूनं झाकलं. तुले कोण सांगन? तू तवा पाळण्यात बी नव्हती.”

बाया हसल्या. गोपिकाबाईची वात कधी गेली नाही, हा तिचा उभ्या आयुष्याचा मान. तो तिनं तिथं फरशीवर ठेवून दिला. बायांतली कौशल्याबाई तिची थोरली जाऊ, त्या पहिल्या सालीही त्याच घरात, त्याच चुलीपाशी असलेली. ती काही बोलायला गेली, मग अंधाऱ्या समईकडे पाहून गप्प बसली. ज्योत पेटलेली असती, तर गोपिकाबाईनं हे सांगितलं नसतं.

“बस इथं,” ती सुनेला म्हणाली. “सैल वळ. तिले श्वास घेऊ दे.”

आचलनं सगळ्यांसमोर नवी वात वळली, तेलात बुडवली, काडी ओढली. ज्योत सरळ उभी राहिली.

“आई, थांबा ना. टिकते का पाहून जा.”

“टिकन. मले वांगे तोडाचे हायेत.”

ती पायऱ्या उतरून मळ्याच्या वाटेला लागली. मागं वळली नाही. शोभाबाईनं सरकून आचलला शेजारी जागा दिली, आणि दोघी तिला जाताना पाहत राहिल्या.