पोत्यातले एक्केचाळीस दाणे

चिमटेवालीचं आणि साहेबांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. त्यात साहेब म्हणजे तिचा सख्खा दीर. घरी वहिनीच्या हातचं आयतं जेवायचा आणि बियाणं केंद्रात तिला निरोप पाठवायचा तो शिपायामार्फत. अंगाला वारा लागू द्यायचा नाही मेला!

तिचं काम मसुरीच्या कळीचं. हिरव्या वाणाची मसूर काढणीला छान हिरवीगार, पण कोठारात चार महिने पडली की तपकिरी होते आणि गिऱ्हाईक नाक मुरडतं. न काळवंडणारी साल सापडली होती एका रानटी वाणात, पण त्याचा दाणा अगदी किरकोळ. म्हणून त्याचा पराग चांगल्या हिरव्या वाणावर चढवायचा. गुडघे टेकून, चिमट्याने कळी उघडून, पुंकेसर खुडून, वर दोरा बांधून. पाच वर्षं हाती काहीच लागलं नाही. सहाव्या वर्षी एक्केचाळीस दाणे लागले, आणि निवृत्तीला उरलं एकच वर्ष. त्या वर्षात ते पेरून रंग बघायचा, एवढंच तिला हवं होतं.

साहेब नुकता माती विभागातून बढतीवर आलेला. त्याने ताटलीत डोकावलं. सगळे दाणे आईच्या, म्हणजे त्या चांगल्या वाणासारखेच हिरवे. संकर फसला म्हणाला. तिने समजावलं, की दाण्याची साल आईच्या अंगची असते, पोरांचा रंग पुढच्या पिकाला दिसतो. सगळी प्रयोगशाळा ऐकत होती, तिथेच त्याला झोंबलं.

"दहावी पास बाईने मला शिकवायचं?" असं म्हणून त्याने ताटली आईच्या वाणाच्या पोत्यात उपडी केली आणि वरून हात फिरवला.

त्या दिवसापासून तिने घरी त्याला वाढणं सोडलं. नवऱ्याने विचारलं तर म्हणाली, तुमच्या भावाला हात आहेत, चांगले चालतात.

दोन महिन्यांनी वरच्या कचेरीने तेच दाणे मागितले, तेव्हा कुणीतरी त्याला आईच्या सालीचं शहाणपण शिकवलं असावं. स्वतः आला, दार लावून घेतलं.

"वहिनी, तुमची नजर घारीची. शोधून द्या."

"सगळे आईवर गेलेत, भाऊजी. देवालाही ओळखू यायचे नाहीत."

"मग कुठलेही एक्केचाळीस मोजा. कुणाला कळतंय?"

"मला," ती म्हणाली. "अख्खं पोतं पेरा. त्यातून निघतील."

एवढी जमीन मागायची तर दाणे पोत्यात कुणी ओतले ते अर्जात लिहावं लागलं असतं. मग त्याने तिच्यासमोरच वही ओढली, 'संकर फसला' असं लिहिलं, सही केली आणि निघून गेला.

राग असा आला, की तिला नीट दिसेना. तिने कोपरापर्यंत हात पोत्यात घातला आणि मूठ भरून वर काढली. मुठीत तिचा एखादा दाणा असेलही. तिने मूठ उघडली, दाणा दाणा बघितला, तिलाही आपला ओळखू येईना, आणि सगळे दाणे परत पोत्यात टाकले.