विरहिणींच्या डॉक्टरीणबाई

मध्ययुगातल्या इंग्लंडात जेवढ्या म्हणून राण्या आणि राजकन्या विरहाने झुरल्या, त्या सगळ्यांची प्रकृती माझ्या आत्तेसासूबाईंना तोंडपाठ होती. नवऱ्याच्या या आत्या मूळच्या नागपूरच्या, पेशाने भूलतज्ज्ञ. न्यू जर्सीतल्या एका हॉस्पिटलात तीस वर्षं माणसांना झोपवून निवृत्त झाल्या आणि एका रविवारी, पार्सिपनी या आमच्या गावाहून दोन तासांवरच्या एका छोट्या म्युझियममध्ये, केवळ बाथरूम गाठायला म्हणून शिरल्या. बाहेर आल्या त्या प्री-राफेलाइट चित्रांच्या प्रेमात पडूनच. हे चित्रकार म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीचे काही तरुण इंग्रज. भोवती गिरण्यांचा धूर दाटलेला असताना ही मंडळी जुन्या काव्यांतले सरदार, बुरुज आणि शापित सुंदऱ्या रंगवत बसली, तेही गवताचं पान न् पान मोजून. "स्वतःचा काळ आवडला नाही की माणूस असंच काहीतरी करतो," आत्या म्हणायच्या. "कुणी दारू पितो, कुणी चिलखत रंगवतो."

२००३ साली लग्न होऊन मी पार्सिपनीला आले. व्हिसावर नोकरी करायची परवानगी नव्हती, गाडी येत नव्हती, नवरा ऑफिसला गेला की मी आणि अपार्टमेंटची खिडकी. आत्या पहिल्यांदा घरी आल्या तेव्हा मी तिथेच बसले होते. दारातूनच म्हणाल्या, "अगदी चित्रातली दिसतेस ग! हे चांगलं लक्षण नाही. गाडी शिक." मग मॉलच्या रिकाम्या पार्किंगमध्ये त्यांनी मला गाडी शिकवली. त्यात त्यांचा स्वार्थ होता. आत्यांना बोलायला दोन्ही हात लागत, त्यामुळे त्या चालवत असताना आतोबा, म्हणजे त्यांचे यजमान, शेजारी डोळे मिटून रामरक्षा म्हणत. मला लायसन्स मिळालं आणि दर दुसऱ्या शनिवारी आमची म्युझियमची वारी ठरून गेली.

इतर लोक चित्रं बघत. आत्या राउंड घेत. "ही बघ, बुरुजात कोंडलेली. पुस्तकात लिहिलंय शाप. मी सांगून राहिले, व्हिटॅमिन डी." गुडघे टेकून प्रेमयाचना करणाऱ्या सरदाराची त्यांना खरोखर काळजी वाटे. "एवढ्या लोखंडात हा उठणार कसा? दोन माणसं लागतील." आणि त्या चित्रांतल्या बायकांच्या लांब, भरलेल्या माना! जगाला त्यांत हंस दिसे, आत्यांना थायरॉइड. मी हसू दाबत उभी असे. पण एवढं सगळं बोलून झालं की त्या एखाद्या चित्रापुढे गप्प उभ्या राहत, चष्मा काढून पुसत, पुन्हा लावत. तेव्हा त्यांना हाक मारायची नाही, हे मला न सांगता कळलं होतं.

घरी त्यांनी स्वतः चित्रं काढायला घेतली. समोर बसवायला म्हणून, पॉटलकच्या जेवणांतले ॲल्युमिनियमचे ट्रे कापून आतोबांना चिलखत शिवलं. आतोबा निवृत्त सिव्हिल इंजिनिअर, स्वभावाने गरीब. चिलखत घालून ते दहा मिनिटांत घोरायला लागत. "तीस वर्षं लोकांना औषध देऊन झोपवलं," आत्या कुंचला आपटत म्हणायच्या, "आणि हे बघ, बिनऔषधाचे!" एका वर्षी गणपतीला थर्माकोलचा किल्ला केला, कमानीच्या खिडक्या, वर झेंडे. शेजारच्यांच्या नातीने विचारलं, "आजी, व्हेअर इज द ड्रॅगन?" आत्या म्हणाल्या, "बाप्पाला उंदीर पुरतो."

मग त्यांनी म्युझियममध्ये गाइड व्हायचं मनावर घेतलं. वर्षभर ट्रेनिंग केलं, वह्या भरल्या, गाडीत मला धडे म्हणून दाखवले. शेवटची परीक्षा म्हणजे खऱ्या पाहुण्यांना चाळीस मिनिटांची टूर. परीक्षक एक उंच, करडी अमेरिकन बाई. तिने आधीच बजावलं होतं, "नो मेडिकल ओपिनियन्स, प्लीज." आत्या शहाण्या मुलीसारखं सगळं सांगत होत्या. पत्र हातात घेऊन उभ्या असलेल्या एका राणीपाशी आल्यावर, मान कशी प्रकाशात उजळली आहे हे दाखवायला त्यांनी हात वर केला, पाहुण्यांकडे वळल्या, आणि घोळक्याच्या कडेला मी उभी होते तिथे त्यांची नजर थांबली. वाक्य अर्धंच राहिलं.

"इकडे ये," मराठीत म्हणाल्या. "मान वर कर. आता आवंढा गीळ."

"आत्या, तुमची परीक्षा—"

"गीळ म्हणते ना!"

पंधरा अनोळखी माणसांसमोर त्यांची थंडगार बोटं माझ्या गळ्यावर फिरली. मी कित्येक महिने थकलेली होते, केस गळत होते. घरची आठवण येते म्हणून असेल, असं समजत होते. आत्या पाहुण्यांना "आय ॲम सॉरी" म्हणाल्या आणि माझा हात धरून चालू लागल्या. परतीच्या वाटेवर पहिल्यांदाच त्यांचे दोन्ही हात मांडीवर गप्प होते. म्हणाल्या, "भूल देण्याआधी आयुष्यभर माना तपासल्या मी. आणि वर्षभर तू शेजारी उभी होतीस, तर मी भिंतीकडे बघत होते."

थायरॉइडची गाठ निघाली. ऑपरेशन झालं. शुद्ध हरपताना आत्या उशाशी होत्या, शुद्धीवर येतानाही. गाठ साधी होती हे कळलं, तेव्हा त्या कॉरिडॉरमध्ये जाऊन रडल्या, असं आतोबांनी मला फार नंतर सांगितलं. म्युझियमच्या करड्या बाईला सारी हकीकत समजली तेव्हा तिने पत्र पाठवलं: आत्या पास, अट एकच, पाहुण्यांना हात लावायचा नाही. पुढची तीन वर्षं त्यांच्या टूरला सर्वांत जास्त गर्दी असे, आणि मेडिकल ओपिनियनबद्दल कुणी अवाक्षर काढत नसे.

२००८ च्या उन्हाळ्यात ती दोघं लेकीजवळ ॲरिझोनाला राहायला गेली. आतोबांच्या सांध्यांना तिथली कोरडी हवा मानवेल, असं ठरलं. निघताना आत्यांनी मला जवळबिवळ घेतलं नाही. "वेळेवर जेवत जा" एवढंच म्हणाल्या.

पुढच्या शनिवारी सवयीने मी गाडी काढली. त्यांच्या घरासमोर येऊन हॉर्नवर हात गेला, तेव्हा लक्षात आलं. अंगणात एक अनोळखी माणूस झाडांना पाणी घालत होता. त्याने हसून हात हलवला. मीही हलवला, आणि थोडा वेळ तिथेच गाडी उभी करून बसून राहिले.